तांबडी खार की करडी खार : रंगाआधी शेपटीची कड पाहावी

उत्तर इंग्लंडमधील कम्ब्रियात नुकत्याच राहायला आलेल्या एका मराठी वाचकाने तीन प्रश्न पाठवले आहेत. ऑगस्ट महिन्यात व्हिनलॅटरच्या जंगलात त्यांना एक खार दिसली. तिचे अंग तांबूस होते, पण कानांवर झुपके नव्हते आणि शेपूट जवळजवळ पांढुरकी होती. पेनरिथजवळच्या त्यांच्या घरामागील बागेत येणारी खार पाठीवर करडी आहे, मात्र तिच्या दोन्ही बाजू आणि पंजे नारिंगी आहेत. या दोन्ही खारी संकरित असाव्यात काय, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. जंगलात नुसत्या नजरेने या दोन जाती खात्रीने कशा ओळखाव्यात, हा दुसरा; आणि बागेत पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्यांचे भांडे ठेवावे की काढावे, हा तिसरा. या भागातील खारींच्या पाहणीत आणि लोकांकडून येणारी छायाचित्रे तपासण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : या दोन जातींचा संकर होत नाही. तांबडी खार, म्हणजे स्क्युरस व्हल्गॅरिस, ही ब्रिटनची मूळ रहिवासी असून तिचा पसारा पश्चिम युरोपपासून थेट सायबेरिया आणि जपानच्या उत्तर टोकापर्यंत आहे. करडी खार, म्हणजे स्क्युरस कॅरोलायनेन्सिस, ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातून आणलेली. चेशरमधील हेनबरी पार्क येथे 1876 मध्ये ती सोडल्याची नोंद आहे, आणि पुढे हौशी जमीनदारांनी आपापल्या बागांमध्ये ती ठिकठिकाणी सोडली. दोघी एकाच वंशातील असल्या तरी त्यांच्यात प्रजनन होत नाही, आणि ‘अर्धी तांबडी, अर्धी करडी’ म्हणून पाठवलेले प्रत्येक छायाचित्र शेवटी या किंवा त्या जातीचेच निघते. आपण केलेल्या वर्णनावरून व्हिनलॅटरची खार तांबडी आहे आणि बागेतली करडी आहे. दोन्हींमध्ये काहीही विचित्र नाही. आपण पाहिलेले रंग त्या त्या जातीला त्या महिन्यात शोभतील असेच आहेत.

गोंधळाचे मूळ असे, की पाहणारा सर्वांत आधी पाठीच्या रंगाकडे पाहतो, आणि पाठीचा रंग हीच या दोन जातींमधली सर्वांत बेभरवशाची खूण आहे. करड्या खारीच्या उन्हाळी केसांत तपकिरी आणि नारिंगी छटा भरपूर असते, विशेषतः पाठीच्या मधल्या भागावर, दोन्ही बाजूंना आणि पायांवर. उलट तांबडी खार हिवाळ्यात पाठीवर बरीच करडी दिसू शकते, आणि ढगाळ दिवशी पाइनच्या गर्द सावलीत तर तिचा तांबूसपणा ओळखूच येत नाही. मोबाइलचे कॅमेरे आपल्या मर्जीने रंग गडद करतात, ही आणखी एक भर. पोट दोघींचेही पांढरे असते, त्यामुळे तेही कामाचे नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी शेपटीची कड, मग महिना लक्षात घेऊन कान, मग चण, आणि पाठीचा रंग सर्वांत शेवटी.

शेपटीची खूण बाराही महिने चालते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. करड्या खारीच्या शेपटीभोवती पांढुरकी झालर असते. ती कशी तयार होते हे एकदा पाहिले, की पुन्हा विसरता येत नाही. कुंपणाच्या तारेला अडकलेला तिच्या शेपटीचा एखादा केस मिळाला, तर तो हातमोजा घालून आधी गडद आणि मग पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहावा. बुडाकडे तो पिवळसर तपकिरी असतो, पुढे एक काळा पट्टा येतो आणि अगदी टोक पांढरे असते. असे हजारो केस एकाच लांबीचे, एकाशेजारी एक असल्यामुळे सगळ्यांची पांढरी टोके मिळून बाहेरची कड बनते आणि सगळे काळे पट्टे मिळून तिच्या आतल्या बाजूने एक काळसर रेघ उमटते. तांबड्या खारीच्या शेपटीचा केस बुडापासून टोकापर्यंत साधारण एकाच रंगाचा असतो. मग तो रंग विटकरी असो, गडद तपकिरी असो वा उन्हाने विटलेला फिकट पिवळा. त्यामुळे तिची शेपूट कितीही फिकट झाली तरी तिला वेगळी कड येत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सूर्य खारीच्या मागे असेल तर कोणत्याही शेपटीची कड उजळते, आणि तांबडीच्या छायाचित्रातही पांढरे वलय दिसू लागते. अशा वेळी वलयाच्या आत पाहावे. उजळ कडेला समांतर अशी काळी रेघ असेल तर ती करडी. आतला भाग सगळा एकाच रंगाचा असून केवळ टोकांकडे उजेड झिरपत असेल तर तो प्रकाशाचा परिणाम समजावा आणि निर्णय दुसऱ्या खुणेवर सोडावा. शक्य असेल तर दोन पावले बाजूला सरकून, म्हणजे ऊन आपल्या पाठीवर घेऊन, पुन्हा पाहावे. खार खाण्यात गुंतलेली असेल तर ती इतका वेळ सहसा देते.

आता ऑगस्टमधल्या त्या पांढुरक्या शेपटीचे कारण. दोन्ही जातींच्या अंगावरचे केस वर्षातून दोनदा बदलतात, परंतु शेपटीचे केस आणि तांबडीच्या कानांवरचे झुपके मात्र एकदाच बदलतात, तेही उन्हाळा सरून शरद ऋतू लागत असताना. म्हणजे ऑगस्टमध्ये आपण पाहिलेल्या शेपटीचे केस जवळजवळ वर्षभर वापरलेले होते. ब्रिटनमधील तांबड्या खारींच्या शेपटीचा रंग उन्हाने विशेष विटतो. काहींची शेपूट जुलै-ऑगस्टपर्यंत मलईसारखी फिकट होते, तर अंगावरचे नवे उन्हाळी केस त्याच वेळी झळझळीत तांबडे असतात. दोन रंगांचा हा विरोध पाहून अनेकांना संकराची शंका येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीच खार पाहिली, तर शेपूट पुन्हा गडद झालेली असेल.

अंगावरच्या केसांच्या बदलालाही दिशा असते, आणि ती माहीत असली की वसंतातली ठिगळे लावल्यासारखी दिसणारी खार फसवत नाही. वसंत ऋतूत बदल डोक्याकडून सुरू होऊन मागे जातो. शरद ऋतूत तो मागून सुरू होऊन डोक्याकडे येतो. त्यामुळे मे महिन्यात एखाद्या करड्या खारीचे डोके व खांदे तपकिरी-नारिंगी आणि मागचा भाग अजून हिवाळी रुपेरी राखाडी असू शकतो, आणि दोन्हींच्या मधली सीमारेषा इतकी ठळक असते की दोन जनावरे जोडल्यासारखी वाटावीत. आमच्याकडे वसंतात येणाऱ्या शंकास्पद छायाचित्रांमध्ये अशाच करड्या खारी सर्वाधिक असतात. प्रत्येकाच्या शेपटीला पांढरी कड स्पष्ट असते. पाठवणाऱ्याचे लक्ष मात्र खांद्यावर खिळलेले असते.

कानांचे झुपके ही सर्वांना माहीत असलेली खूण आहे आणि म्हणूनच तिच्यावर जास्त भार टाकला जातो. हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, तांबडीचे झुपके लांब आणि दाट असतात. दुर्बिणीशिवायही ते दिसतात. वसंतापासून ते विरळ होत जातात आणि भर उन्हाळ्यात बहुतेक खारींचे कान जवळजवळ उघडे असतात. पिल्लांना तर पहिल्या शरद ऋतूपर्यंत नीट झुपके नसतातच. यावरून नियम एकाच दिशेने लागू करावा : ठळक झुपके दिसले तर ती तांबडी, झुपके नसतील तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. करडीला असे झुपके कधीच येत नाहीत, मात्र हिवाळ्यात तिच्या कानांच्या मागच्या बाजूला पांढुरके, मऊ केस वाढतात आणि ती बाजूने बसली असता ते कानाच्या कडेवर टोकासारखे दिसू शकतात. खरा झुपका कानाच्या टोकाच्या वर उभा राहतो. करडीचे पांढरे केस कानामागे, बुडाशी असतात.

कानांच्या आकाराकडे फारसे कोणी पाहत नाही, पण मला तो झुपक्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण तो ऋतूप्रमाणे बदलत नाही. तांबडीचे डोके लहान, तोंड निमुळते आणि त्या मानाने कान मोठे व उभे असतात. करडीचे डोके जाड, नाकाकडचा भाग बोथट आणि कान गोलसर व आखूड दिसतात. एकदा डोळ्यांना सवय झाली, की फांदीआडून नुसते तोंड दिसले तरी बहुतेक वेळा जात कळते. अर्थात असे दिसणे नोंदवहीत लिहिण्याइतके भक्कम मानू नये.

आकार आणि वजन यांचे आकडे पुस्तकांत नेहमी दिलेले असतात. प्रौढ तांबड्या खारीचे डोके-धड साधारण 19 ते 23 सेंटिमीटर आणि वजन बहुतेक 270 ते 350 ग्रॅम असते. करडीचे डोके-धड 23 ते 30 सेंटिमीटर आणि वजन 400 ते 650 ग्रॅमच्या आसपास असते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत खारीचा आकार म्हणून अंगणातली पाठीवर पट्टे असलेली खार बसलेली असते, आणि तिचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे त्याला दोन्ही खारी मोठ्याच वाटतात. उलट भीमाशंकरला शेकरू पाहिलेल्या माणसाला दोन्ही लहान वाटतात, कारण शेकरू दीड-दोन किलोचा प्राणी आहे. ज्याने एकच जात पाहिली आहे आणि तीही वीस मीटर उंचीवर, त्याने ‘लहान होती’ असे म्हणण्याला फार अर्थ नाही. शिवाय वसंताच्या शेवटी आणि पुन्हा उन्हाळ्याच्या अखेरीस करडीची पिल्ले घरट्याबाहेर पडतात. ती सडपातळ, तपकिरी आणि तांबडीएवढीच असतात. आकार एकट्याने कधीही वापरू नये. तो वापरायचाच असेल तर चणीच्या रूपात वापरावा : करडी बसली की मागचा भाग रुंद आणि जड दिसतो, शरद ऋतूत चरबी साठवल्यावर तर फारच, तांबडी वर्षभर बारीक अंगाची राहते.

वागणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. तांबडी बराचसा वेळ झाडांच्या शेंड्यांत घालवते आणि बारीक फांद्यांवरून सहज जाते. करडी जमिनीवर अधिक वावरते. हे जातीच्या पातळीवर खरे असले, तरी समोरच्या एका खारीपुरते निरुपयोगी आहे. व्हिनलॅटरच्या खाद्यपेट्यांजवळ तांबड्या खारी खुशाल जमिनीवर उतरतात. दोन्हींपैकी कोणतीही जात शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे ‘जानेवारीत दिसली म्हणजे अमुक’ असाही निष्कर्ष काढता येत नाही.

ठिकाणाचे महत्त्व मात्र फार आहे, पण ते नीट समजून घ्यावे लागते. ठिकाण जात ठरवत नाही. आपण केलेल्या दाव्याला किती पुरावा लागेल, हे ते ठरवते. ब्रिटिश मॅमल सोसायटीने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ब्रिटनमध्ये तांबड्या खारी सुमारे 2,87,000 आणि करड्या सुमारे 27 लाख असल्याचा अंदाज दिला होता. तांबड्यांपैकी सुमारे 2,39,000 स्कॉटलंडमध्ये, 39,000 इंग्लंडमध्ये आणि 9,200 वेल्समध्ये. इंग्लंडच्या वाट्याच्या खारी प्रामुख्याने कम्ब्रिया आणि नॉर्थम्बरलंड येथे, त्यातही किल्डरच्या अफाट स्प्रूस जंगलात आहेत. लिव्हरपूलच्या उत्तरेला फॉर्म्बी येथे किनाऱ्यालगतच्या पाइनच्या झाडांत एक वसाहत आहे. आणि दक्षिणेत आइल ऑफ वाइट तसेच पूल बंदरातील ब्राउनसी बेट येथे समुद्राने करड्यांना अडवल्यामुळे त्या टिकून आहेत. वेल्समधील अँगलसी बेटावर 1998 मध्ये करड्या काढण्याचे काम सुरू झाले आणि 2015 मध्ये बेट करड्यांपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये कितीही तांबूस खार दिसली तरी ती करडीच धरावी. आइल ऑफ वाइटवर कितीही राखाडी दिसली तरी आधी तांबडी धरावी, आणि खरोखरच पांढरी कड दिसली तर मात्र तत्काळ कळवावे, कारण तेथे एक करडी खार ही मोठी बातमी असते.

आपण राहता तो भाग या दोन टोकांच्या मधला आहे. पेनरिथच्या आसपास दोन्ही जाती आढळतात, कधी एकाच बागेत एकाच आठवड्यात. जुन्या नकाशांवर विसंबू नये, कारण सीमा सरकत असतात, आणि त्या नेहमी करड्यांच्याच बाजूने सरकतात असेही नाही. आयर्लंडच्या मध्यभागात पाइन मार्टेन हा मुंगसासारखा लांब अंगाचा शिकारी प्राणी परत वाढल्यावर करड्या खारी ओसरल्या आणि तांबड्या पुन्हा दिसू लागल्या, हे 2014 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. स्कॉटलंडमध्येही नंतर तसेच चित्र आढळले. करडी खार पाइन मार्टेनसोबत वाढलेली नाही, आणि तिच्या वागण्यात त्याची पुरेशी धास्ती नाही, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

खार दिसली नाही, फक्त तिच्या खुणा दिसल्या, तर काय? येथे मी उत्साहावर थोडे पाणी ओतणार आहे. स्प्रूस किंवा पाइनच्या शंकूचे खवले कुरतडून उरलेला दांडा, मधोमध स्वच्छ दोन भाग केलेले हेझेलचे कवच, फांदीच्या बेचक्यात डहाळ्या आणि शेवाळ यांचे चेंडूसारखे घरटे, चिखलातले पुढच्या पायाच्या चार आणि मागच्या पायाच्या पाच बोटांचे ठसे : या सगळ्यांवरून तेथे खार आहे एवढेच कळते. कोणती खार आहे, हे कळत नाही. शुद्ध सूचिपर्णी जंगलात अशा खुणा पुष्कळ आढळल्या तर तांबडीची शक्यता वाढते, आणि ओक व बीचच्या रानात करडीची, कारण ओकच्या फळांतील कडू द्रव्य करडी चांगले पचवते आणि हेझेलची फळे ती पिकण्याआधीच फस्त करते. पण ती शक्यता झाली, ओळख नव्हे.

खार न पाहता खात्रीने ओळखायचे असेल तर केस मिळवावे लागतात, आणि पाहणीत आम्ही तेच करतो. प्लास्टिकच्या नळाचा हातभर लांबीचा तुकडा फांदीला आडवा बांधतात, आत सूर्यफुलाच्या बिया ठेवतात आणि दोन्ही तोंडांशी वरच्या बाजूला चिकट पट्टी लावतात. खार आत शिरताना पाठीचे दोन-चार केस पट्टीला चिकटतात. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. तांबडीच्या जाड केसाला लांबीच्या दिशेने एक खोबण असते. केस शाईने रंगवला की शाई त्या खोबणीत साचून उभी रेघ दिसते. करडीच्या केसाला अशी खोबण नसते आणि त्याचा छेद गोलसर येतो. येथे रंगाचा संबंधच उरत नाही, हे मला या पद्धतीत सर्वांत आवडते. अलीकडे स्वयंचलित कॅमेरे स्वस्त झाल्यामुळे नळ्यांचा वापर कमी झाला आहे. मात्र कॅमेऱ्याचे रात्रीसारखे काळे-पांढरे चित्र पहाटेच्या वेळी आले, तर पुन्हा शेपटीच्या कडेवरच भिस्त ठेवावी लागते.

काही अपवाद माहीत असावेत. हर्टफर्डशर, बेडफर्डशर आणि केंब्रिजशर या भागांत पूर्ण काळ्या खारी दिसतात. ती वेगळी जात नसून करडीचेच आनुवंशिक बदलामुळे आलेले रूप आहे, आणि तिचे पोटही सहसा गडद असते. दक्षिण इंग्लंडमध्ये पूर्ण पांढऱ्या करड्याही आढळतात. काळ्या खारीबाबत मात्र देश बदलला की उत्तर बदलते. जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथे करडी खार रानात नाहीच. युरोपच्या मुख्य भूमीवर ती इटलीत आहे, जेथे 1948 मध्ये तुरीनजवळ सोडलेल्या खारींपासून तिचा मोठा विस्तार झाला. त्यामुळे म्युनिक किंवा झुरिकच्या बागेत दिसलेली गडद तपकिरी, काळी किंवा हिवाळ्यात बरीच राखाडी खार ही तांबडीच होय. अंग कितीही काळे असले तरी तिचे पोट पांढरे राहते आणि हिवाळ्यात झुपके असतात. न्यू जर्सी किंवा टोरांटो येथील नातेवाईक ‘आमच्याकडेही तांबडी आहे’ म्हणतात, तेव्हा ते तिसऱ्याच प्राण्याबद्दल बोलत असतात. टॅमियासायुरस हडसोनिकस ही अमेरिकी तांबडी खार लहान चणीची, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेली, उन्हाळ्यात कुशीवर काळी रेघ बाळगणारी आणि कमालीची भांडखोर असते. तेथे करडी खार मूळचीच असल्याने युरोपातल्यासारखा प्रश्न उद्भवत नाही. अमेरिकेच्या मध्य भागात आणखी एक मोठी जात, फॉक्स स्क्विरल, करडीशी गल्लत करायला लावते. तेथेही शेपटीची कडच कामी येते, कारण फॉक्स स्क्विरलची कड पांढरी नसून नारिंगी असते.

आजारी जनावरे हा वेगळा सावधगिरीचा विषय आहे. करड्या खारी स्क्विरलपॉक्स नावाचा विषाणू बाळगतात आणि बहुधा स्वतः आजारी पडत नाहीत. तांबड्यांना तो झाला की डोळे, तोंड आणि पंजे यांभोवती ओलसर खपल्या धरतात आणि बहुतेक दोन आठवड्यांच्या आत मरतात. फॉर्म्बीची वसाहत 2008 च्या साथीत जवळजवळ संपल्यात जमा होती, पुढे ती सावरली. याशिवाय ब्राउनसी बेटासह काही ठिकाणच्या तांबड्या खारींमध्ये कुष्ठरोगाचे जंतू असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कान आणि नाकपुड्या सुजून चकचकीत होतात आणि तेथील केस जातात. अशा खारीचे कान गोल, जाड आणि उघडे दिसतात, आणि केवळ कानांवरून पाहणारा तिला करडी ठरवू शकतो. शेपटी तेथेही खरे सांगते. मेलेली किंवा आजारी खार उघड्या हाताने उचलू नये. छायाचित्र, जागा आणि तारीख स्थानिक तांबडी खार संरक्षण गटाकडे पाठवावी.

ओळख चुकली तर कायद्यानेही फरक पडतो. तांबडी खार 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण भाग कायद्याने संरक्षित आहे. तिला मारणे, पकडणे किंवा तिच्या घरट्याला त्रास देणे गुन्हा आहे. करडी खार पकडल्यावर किंवा जखमी म्हणून घरी आणल्यावर ती पुन्हा रानात सोडणे, इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर 2019 पासून लागू झालेल्या आदेशानुसार बेकायदा आहे. म्हणून वादळानंतर झाडाखाली पडलेले पिल्लू दिसले तर आधी त्याचे छायाचित्र जाणकाराला दाखवावे, मग उचलावे. फार लहान पिल्लांच्या शेपटीवर झालर आलेली नसते, आणि अशा वेळी दूरध्वनीवरून वर्णन ऐकून मीही जात सांगत नाही.

नोंद पाठवताना तारीख, नकाशावरील स्थान आणि खार काय करत होती एवढे लिहावे, आणि छायाचित्र काढताना चेहऱ्यापेक्षा शेपटीकडे लक्ष द्यावे. सुंदर चेहऱ्याचे एक चित्र आणि अस्पष्ट शेपटीचे एक, असे दोन्ही आले तर तपासणारा दुसरे आधी उघडतो. खात्री नसेल तर ‘खार, जात अनिश्चित’ असे स्वच्छ लिहावे. अशी नोंद पाहणीत वाया जात नाही, तेथे कॅमेरा लावायचा की नाही हे तिच्यावरून ठरते. चुकीने तांबडी म्हणून नोंदवलेली करडी मात्र महिनोन्महिने दुर्लक्षित राहते आणि तेवढ्यात आजूबाजूला पसरते.

आता दाण्यांच्या भांड्याबद्दल. आपल्या बागेत करडी येते हे नक्की आहे, आणि परिसर असा आहे की तांबडीही कधीही येऊ शकते. दोघी एकाच भांड्यातून खाऊ लागल्या, तर लाळ आणि खपल्यांमधून विषाणू पोहोचण्याचा धोका तेथेच सर्वांत जास्त असतो. म्हणून करडी येत असल्याची माहिती स्थानिक गटाला आधी द्यावी आणि त्यांचा माणूस येऊन पाहून जाईपर्यंत भांडे काढून ठेवावे. पुढे तांबड्यांसाठी पुन्हा खाद्य ठेवायचे ठरले, तर भांडे ठरावीक दिवसांनी जंतुनाशकाने धुऊन पूर्ण वाळवावे आणि रोज संपेल एवढेच दाणे घालावेत. एखाद्या तांबडीच्या डोळ्याभोवती खपली दिसली, तर त्याच दिवशी ते उतरवावे, शेजाऱ्यांनाही त्यांची भांडी उतरवायला सांगावे, आणि त्या खारीचे छायाचित्र लगेच गटाकडे पाठवावे.